सीट बदलताय? आधी खाली वाका!

जुनी ओम्नी घ्यायची, मागे गादी टाकायची आणि सोलापूरहून थेट कोकण गाठायचं! हा प्लॅन तुमच्याही ग्रुपवर शिजत असेल. पण सीटचा फोम बसलाय, रेक्झिन फाटलंय. मग कुणीतरी म्हणतंच, ‘भंगारातून कारची सीट आणू ना!’

थांबा. बसून बघितली, मऊ लागली, एवढ्यावर पैसे देऊ नका. आधी खाली वाकून बघा. सीटची ताकद फोममध्ये नाही, पायांत असते. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत ६० किलोच्या माणसाचा झटका क्षणभर टनाच्या आसपास जातो. बेल्टचं बक्कल सीटलाच असेल, तर त्यातला बराच भार खालच्या बोल्टांवर येतो. नुसत्या पत्र्याला भोक पाडून बसवलेली सीट तिथेच उखडू शकते.

शिवाय ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलता आली नाही, तर हात घालणार कुठून? आणि सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला, तर आत एअरबॅग असू शकते. ती सीट सोडूनच द्या.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल स्वतःच्या मनाने करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारा.

त्यापेक्षा मूळ सांगाडा ठेवा, कुशनवाल्याकडून नवा फोम आणि कव्हर घालून घ्या. सोलापुरी चादर? ती मागच्या गादीवर, पण गाडी थांबल्यावरच. चालत्या गाडीत सगळे सीटवर, बेल्ट लावून!