फुटलेल्या स्क्रीनमधून कमाई : ॲसिडने नाही, वजनकाट्याने!

मालवणातल्या माझ्या दुकानात फुटलेले डिस्प्ले साठतात. बरेच जण विचारतात, "ॲसिड टाकून सोनं काढूया का?"

अजिबात नको! सोनं काचेत नसतं; सर्किट बोर्ड आणि कनेक्टरवर त्याचा पातळ मुलामा असतो. काचेवर इंडियमचा थर असतो, पण तो काढायला कारखानाच लागतो. जुन्या एलसीडीच्या बॅकलाइट ट्यूबमध्ये पारा असतो. घरी फोडलंत तर पारा श्वासात, ॲसिड खाडीत!

आपला धंदा गोळा करण्याचा. स्क्रीन न फोडता प्रकारानुसार ठेवा, वजन लिहा. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या, पावती घ्या. आधी गाडीभाडं धरा, मगच गिऱ्हाइकाला भाव सांगा. नाहीतर नफा घाटातच संपेल!