यंत्राची घोकंपट्टी

मालाडच्या प्रक्षेपण केंद्रावरून निघालेले गाणे पावसाळी रात्री तुमच्या घरी पोहोचते, तेव्हा विजांमुळे त्यात खरखर मिसळते. मधले चार शब्द गळतात. गाणे ओळखीचे असले, तर मन ते शब्द भरून काढते. पण समजा, एखाद्याला जन्मात एकच गाणे ठाऊक आहे. त्याला प्रत्येक खरखरीत तेच ऐकू येईल!

शास्त्रज्ञांपुढेही असेच कोडे असते. जुन्नर तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या आकाशाची मापने टिपतात. तरी पुष्कळ काही निसटतेच. हाती आलेल्या मापनांवरून मूळ चित्र शोधायचे, या उलट्या गणिताला व्यस्त प्रश्न म्हणतात. यात एकाच मापनाशी अनेक चित्रे जुळतात. इस्पितळातल्या एम.आर.आय.चेही तसेच.

ही उणीव भरण्यासाठी आता चित्रे रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून पाहतात. जुनी चित्रे दाखवून तिला शिकवतात. नमुने थोडे असले, किंवा तेच ते पुन्हा आले, तर ती शिकण्याऐवजी घोकते. चित्रे काढणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रणेतून शिकवणीतली काही चित्रे जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढता येतात, हे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवले. उद्या एका रोग्याच्या चित्रात दुसऱ्याची गाठ उमटली, किंवा असलेली गाठ पुसली गेली, तर? चित्र सुबक दिसेल, मापनाशी जुळेलही. उपचार मात्र चुकतील.

मग परीक्षा कशी घ्यावी? पाठांतराची शंका आली की गुरुजी आकडे बदलून गणित घालतात. इथेही तसेच. उत्तर शिकवणीतल्या नमुन्यांशी ताडून पाहावे. काही मापने झाकून ठेवावी व चित्रावरून ती सांगता येतात का, ते पाहावे. नमुन्यांचे दोन वेगळे गठ्ठे करून दोन यंत्रे शिकवावी. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर घोकंपट्टीचा संशय घ्यावा. २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र जगापुढे आले, त्याआधी चार गटांनी एकमेकांना न विचारता आपापली चित्रे काढून मग ती ताडून पाहिली होती.

तेव्हा यंत्राने काढलेले असे चित्र कोणी पुढे ठेवले, तर यातले मोजलेले किती आणि भरलेले किती, एवढे अवश्य विचारावे.