भपक्यात उतरलेलं गुलाबाचं पाणी

लग्नाच्या मांडवात दारापाशी चांदीची गुलाबदाणी घेऊन कुणी तरी उभं असे. मनगटाला हलका झटका बसला की चार थेंब अंगावर येत आणि वैशाखाच्या उन्हातून आलेला पाहुणा क्षणभर निवत असे. अत्तर-गुलाब झाल्याशिवाय आपल्याकडे स्वागत पुरं होत नव्हतं. गुलाबदाण्या अजून घरोघरी आहेत. पण त्यांत भरल्या जाणाऱ्या पाण्याचा गुलाबाच्या पाकळीशी पुष्कळदा काही संबंध नसतो. साधं पाणी, कृत्रिम सुवास, टिकण्यासाठी एखादं रसायन, वर कधी गुलाबी रंग. हेच पाणी आपण विश्वासानं चेहऱ्यालाही लावतो. खरं गुलाबपाणी म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर कन्नौजच्या भट्टीपाशीच जायला हवं.

उत्तर प्रदेशात गंगेच्या खोऱ्यातलं हे गाव सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी होतं. आज ते अत्तराचं गाव म्हणून ओळखलं जातं. कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन आहे आणि 1991 पासून सुगंधी द्रव्यांवर काम करणारं केंद्र सरकारचं एक विकास केंद्रही इथे आहे. पण गावाचं खरं वैभव त्याच्या कारखान्यांतल्या तांब्याच्या भांड्यांत आहे.

मोठ्या हंड्यासारखं तांब्याचं भांडं म्हणजे देग. ती मातीच्या भट्टीवर बसवलेली असते. शेजारी, थोड्या खालच्या पातळीवर, पाण्याचा हौद आणि त्यात बुडवलेला लांब मानेचा तांब्याचा गडू. हा भपका. मराठीत भपका म्हणजे दिखावा. इथलं भांडं मात्र सगळं काम पाण्याखाली, नजरेआड करतं. देग आणि भपका यांना जोडणारी पोकळ बांबूची नळी म्हणजे चोंगा. तिच्यावर सुंभ घट्ट गुंडाळलेलं असतं, म्हणजे वाफेची ऊब वाटेत निसटत नाही.

गुलाब येतो तो अलीगढ, हाथरसकडच्या शेतांतून. जात दमास्क गुलाबाची, बहर मुख्यतः मार्च-एप्रिलचा. फुलं उजाडताना खुडतात, कारण ऊन चढलं की पाकळीतलं सुगंधी तेल उडू लागतं. पोत्यांतून आलेली फुलं देगेत पडतात, वर पाणी ओततात, झाकण बसवतात आणि फटी चिकणमाती-कापसाच्या लगद्यानं लिंपून टाकतात. मग खाली लाकडं, गोवऱ्या पेटतात.

यापुढचं काम यंत्राचं नाही. देगेला तापमापक नाही, दाब दाखवणारा काटा नाही. कारागीर देगेच्या अंगावर हात ठेवतो, आत चाललेल्या उकळीचा आवाज ऐकतो आणि जाळ वाढवायचा की निखारे मागे ओढायचे ते ठरवतो. आच जास्त झाली तर पाकळ्या करपतात आणि सगळ्या पाण्याला जळका वास लागतो. कमी झाली तर वाफ चोंग्यातून पुढे सरकत नाही. हौदातलं पाणी कोमट झालं की बदलायचं, कारण गार पाण्यातच भपक्यातली वाफ पुन्हा पाणी होते. अत्तर काढायचं असेल तेव्हा भपक्यात आधीच चंदनाचं तेल घालतात, ते गुलाबाचा गंध धरून ठेवतं. गुलाबपाण्यासाठी भपका रिकामाच ठेवतात. या हाताच्या आणि कानाच्या ज्ञानाला मी विज्ञानच म्हणेन.

गुलाबपाण्याकडे अत्तराचा उरलेला भाग म्हणून पाहण्याची सवय आपण सोडायला हवी. इतिहास तर उलटच सांगतो. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की नूरजहाँची आई गुलाबपाणी काढत असताना, पसरट भांड्यांत ओतलेल्या गरम पाण्यावर तवंग जमला. तो वेगळा काढला आणि गुलाबाचं अत्तर हाती आलं. म्हणजे त्याच्या दरबारात तरी पाणी आधीचं, अत्तर नंतरचं.

रसायनशास्त्रही पाण्याच्याच बाजूचं आहे. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. तरीही त्या तेलात ताज्या फुलाचा सगळा गंध येत नाही, कारण गुलाबाला गुलाबपण देणारं एक महत्त्वाचं द्रव्य, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतं. ऊर्ध्वपातनात ते तेलाची साथ सोडून पाण्यासोबत जातं. म्हणून चांगलं गुलाबपाणी हुंगताना बागेतल्या फुलाची आठवण अधिक लवकर होते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात केवड्याच्या कणसांतून असंच केवडापाणी काढतात आणि आपल्याकडच्या ओव्याच्या अर्काचं तत्त्वही हेच आहे.

आता त्वचेबद्दल. गुलाबपाणी किंचित आम्लधर्मी असतं. निरोगी त्वचेचा पृष्ठभागही तसाच, त्याचा सामू साधारण 5 च्या आसपास. साध्या साबणाचा मात्र 9 ते 10. साबणानं ओढलेल्या चेहऱ्याला गुलाबपाण्यानं बरं वाटतं यात नवल नाही. त्यात तेलाचा अंश अगदी थोडा असल्यानं ते तेलासारखं झोंबतही नाही. उन्हातून आल्यावर कापसानं टिपायला, मुलतानी मातीचा किंवा चंदनाचा लेप कालवायला ते उत्तम. पण ते पाणी आहे, उडून जाणार. कोरड्या त्वचेला ओलावा टिकवायचा तर त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवा, नाही तर थंडीत आपल्या आया-आज्ज्या करत तसं त्यात थोडं ग्लिसरीन मिसळा. मुरमं, इसब, डाग यांवर ते औषध नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावं. आणि बाटलीतलं गुलाबपाणी डोळ्यांत घालण्याची आपली जुनी सवय थांबवावी. ते निर्जंतुक असतंच असं नाही. नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

घरी करून पाहायचं असेल तर मावळातल्या हरितगृहांतले लांब दांड्याचे गुलाब वापरू नका. ते फुलदाणीसाठी वाढवलेले असतात. गंध जेमतेम, वर औषधांची फवारणी. परसातला फवारणी न केलेला देशी गुलाब घ्या. पातेल्यात पाकळ्या आणि पाणी, मधोमध एक उंच वाटी, वर उपडं घुमटदार झाकण आणि त्यावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. पहिलं वाटीभर पाणी सर्वात सुगंधी, तिथेच थांबा. पाकळ्या उकळून गाळलेलं लालसर पाणी हा काढा झाला, अर्क नव्हे, आणि तो लवकर नासतो. अर्कही फ्रिजमध्येच ठेवा आणि थोड्या दिवसांत संपवा.

विकत घेताना बाटली उजेडात धरा. ऊर्ध्वपातनानं काढलेलं गुलाबपाणी रंगहीन असतं. मग मागची घटकांची यादी वाचा. तिथे गुलाबाचा अर्क किंवा रोझा डॅमासीना हे दमास्क गुलाबाचं शास्त्रीय नाव हवं. नुसतं पाणी आणि सुगंध लिहिलेलं असेल तर ती बाटली परत ठेवा. चार पैसे जास्त पडतील, पण भट्टीपाशी देगेवर हात ठेवून बसलेल्या कारागिराची मजुरी त्याच पैशांतून निघते.