दिवाणखान्यातील दूरदर्शन व श्रवणसुख
(ध्वनिक्षेपकांची निवड करताना)

धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्याने ध्वनिक्षेपकांवर, म्हणजे चालू भाषेत स्पीकरवर, लेख लिहावा याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु घरास उपयुक्त असे काही लिहावे, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची आज्ञा झाली. आणि ज्या एका खरेदीत आम्ही प्रथम फसलो व मागाहून सावरलो, तिचा अनुभव सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

घडले ते असे. घराची दुरुस्ती झाली तेव्हा मुलांनी दिवाणखान्यात ५५ इंची दूरदर्शन संच भिंतीवर टांगला. चित्र उत्तम दिसे, पण चातुर्मासात मुनिमहाराजांचे प्रवचन लागले की आमच्या मातोश्री म्हणत, "आवाज मोठा आहे रे बाळ, पण शब्द लागत नाही." मग आम्ही आवाज आणखी वाढवीत असू. त्या गोंगाटाचा मुलांच्या अभ्यासास त्रास होतो हे पाहून मातोश्रींनी दिवाणखान्यात बसणेच सोडले. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणूनच ते आमच्या मनास अधिक लागले. आम्ही शहरातील एका दुकानी जाऊन '१००० वॅट' असे ठळक छापलेला मोठा संच उचलून आणला. भिंती हादरू लागल्या. शब्द मात्र होते तेथेच राहिले.

बेळगावच्या रविवार पेठेत पोत्यात परखी खुपसून दाणा तळहातावर घेतल्यावाचून कोणी भाव बोलत नाही. आम्ही मात्र खोक्यावरील छपाई पाहून सौदा केला. तेव्हा विषय मुळापासून समजून घेणे प्राप्त झाले.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहू. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हाचे दूरदर्शन संच म्हणजे खोल पेट्याच होत्या. त्यांत स्पीकरला जागा होती व त्याचे तोंड बहुधा प्रेक्षकांकडे असे. आजचा संच पाटीएवढा पातळ. आवाज म्हणजे हवेचे कंपन. ते घडविण्यास पडदा व पोकळी लागते, ती येथे नाही. शिवाय बहुतेक संचांत स्पीकरचे तोंड खाली किंवा मागे असते. असा संच भिंतीवर टांगला की ध्वनी आधी भिंतीवर आदळतो व मग आपल्याकडे वळतो.

दुसरे कारण आपल्या कानांत आहे. निरोगी तरुण कानास साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात. वाढत्या वयात ही शक्ती वरच्या, म्हणजे तीव्र स्वरांच्या टोकाकडून घटते. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. परंतु स, श, त, क यांसारखी व्यंजने ओळखण्याच्या खुणा बऱ्याच अंशी २,००० हर्ट्झच्या वर असतात. वृद्धांस आवाज येतो पण शब्द लागत नाही, त्याचे हे मर्म. चाळण न लावता पोती वाढविली तर धान्याबरोबर खडेही वाढतात, तद्वत् नुसता आवाज वाढविल्याने गोंगाटही वाढतो. खर्जाची मोठी पेटी, जिला सबवूफर म्हणतात, ती अवाजवी चढविली तर शब्द अधिकच झाकोळतात. आमच्या पहिल्या संचात नेमके हेच होत होते.

आता प्रकार पाहू. खोक्यावर २.१, ३.१, ५.१ असे आकडे असतात. बिंदूपूर्वीचा आकडा मुख्य स्पीकरांचा व नंतरचा सबवूफरचा. २.१ मध्ये डावा व उजवा, ३.१ मध्ये त्यांच्या मधोमध आणखी एक, ५.१ मध्ये शिवाय बैठकीच्या बाजूंस किंचित मागे दोन. ५.१.२ असा तिसरा आकडा दिसल्यास तो वरून येणाऱ्या ध्वनीचा समजावा. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत त्याचा उपयोग होतो. यांतील सर्वांत महत्त्वाचा कोण म्हणाल, तर तो मधला. चित्रपटांतील संवाद बहुतांशी त्यासच वाहून दिलेले असतात. ज्या घरी वृद्ध आहेत, त्यांनी मागच्या दोहोंवर खर्च करण्याआधी मधला चांगला घ्यावा. जागा व पैसा दोन्ही कमी असल्यास संचाखाली लावावयाची एकच लांब पट्टी, म्हणजे साउंडबार, पुरेशी होते. मात्र तिच्यात मधला स्पीकर स्वतंत्र आहे की नाही हे विचारून घ्यावे.

टांगलेल्या संचामुळे जागेचे काही नियम पाळावे लागतात. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असतात. डावा व उजवा स्पीकर त्याच उंचीवर असावेत. बैठक १० फुटांवर असेल तर त्या दोहोंत ८ ते ११ फूट अंतर ठेवावे व दोघांची तोंडे बैठकीकडे किंचित वळवावीत. मधला स्पीकर संचाच्या लगेच खाली, फळीच्या पुढच्या कडेशी ठेवून त्याचे तोंड थोडे वर करावे. बंद कपाटात तो कधीही कोंडू नये. संच छताजवळ टांगू नये. चित्र वर व आवाज खाली असे झाले की मन विटते, आणि मानही दुखते.

स्पीकर भिंतीला जितका जवळ तितका खर्ज वाढतो, कोपऱ्यात तर फारच. काही पेट्यांना मागील बाजूस वाऱ्याचे छिद्र असते. अशा पेट्या भिंतीला चिकटवून ठेवल्यास आवाज घुमतो. म्हणून भिंतीलगत ठेवावयाच्या असल्यास छिद्र पुढे असलेल्या, पूर्ण बंद अथवा भिंतीवर लावण्यासाठीच बनविलेल्या पेट्या घ्याव्यात.

खोक्यावरील वॅटांस भुलू नये. पीएमपीओ हा आकडा केवळ जाहिरातीचा. सतत मिळणारी शक्ती दाखविणारा आरएमएस हा आकडा विचारावा. त्याहून उपयोगी आकडा संवेदनक्षमतेचा, म्हणजे १ वॅट शक्तीत १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज निघतो त्याचा. ८७ डेसिबलचा स्पीकर ९० डेसिबलच्या स्पीकरइतका वाजवावयाचा तर दुप्पट शक्ती लागते. स्पीकरचे ओहम व ॲम्प्लिफायरने मान्य केलेले ओहम जुळतात ना, हेही पाहावे. तारेतही भेसळ असते: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून विकली जाते. सुरीने खरवडताच आतला पांढरेपणा उघडा पडतो. जोडणीसाठी दूरदर्शन संचावर 'एआरसी' असे लिहिलेले एचडीएमआय भोक शोधावे. त्या एकाच तारेने काम भागते.

खोलीही वाद्यासारखीच असते. गुळगुळीत फरशी, काच व उघड्या भिंती आवाज परतवितात. मधोमध उभे राहून टाळी वाजवावी. घुमारा उठला तर जाड पडदे, सतरंजी व पुस्तकांचे कपाट हा स्वस्त व उत्तम उपाय आहे. शेजाऱ्यांचेही स्मरण असावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री सबवूफर बंद ठेवणे हे सज्जनपणाचे होय.

खरेदीस जाताना नेहमीच्या ऐकण्यातील एखादे प्रवचन व एखादे गीत बरोबर न्यावे, आणि ते मंद आवाजात ऐकावे. मोठ्या आवाजात सर्वच माल चांगला वाटतो. शक्य तर ज्यांच्यासाठी खरेदी, त्यांनाच बरोबर न्यावे. आम्ही पहिल्या वेळी हेच केले नाही.

आमचा पहिला संच निम्म्या किमतीत गेला. दुसऱ्या खेपेस मातोश्रींना दुकानात खुर्चीवर बसविले. चार जोड ऐकून त्यांनी सर्वांत लहान पेट्यांकडे बोट केले. तीन स्पीकर व एक साधा ॲम्प्लिफायर एवढ्यावर काम झाले. पहिल्याहून खर्चही कमी. त्यांच्या कानांची तपासणीही करून घेतली, कारण यंत्राने वैद्याचे काम होत नाही. परिग्रहपरिमाणाचे व्रत आपण मंदिरात ऐकतो. ते दुकानातही उपयोगी पडते, हे आम्हांस या वयात उमगले.

गेल्या दशलक्षण पर्वात पहिल्या दिवशी उत्तम क्षमा धर्मावरील प्रवचन मातोश्रींनी दिवाणखान्यात बसून अखेरपर्यंत ऐकले व रात्री महाराज काय म्हणाले ते नातवास सांगितले. त्या दिवसाची क्षमा मागण्याचे आमचेही एक कारण होते. ते आम्ही त्यांच्यापाशी बोलून दाखविले. त्या एवढेच म्हणाल्या, "आता आवाज थोडा कमी केलास तरी चालेल."

उणेअधिक लिहिले गेले असल्यास सुज्ञांनी गोड मानून घ्यावे. इत्यलम्.