निळ्या झाकणाची टाकी: घरच्या घरी डेफ भरताना

आज आपण डेफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड पाहू. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांना ते नवीन नाही. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि आपल्या सोसायट्यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांनाही ही दुसरी टाकी आली. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. गरम धुरात ते फवारलं की अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनात आणि वाफेत रूपांतर होतं.

मग कुणीतरी विचारतंच: युरियाच ना? पोत्यातला विरघळवला तर? अजिबात नको! आपल्याकडे शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, नळाच्या पाण्यात क्षार असतात. हे सगळं इंजेक्टरमध्ये आणि उत्प्रेरकावर जाऊन बसतं, आणि उत्प्रेरक बदलणं फार महागात पडतं. आयएसओ २२२४१ छापलेला सीलबंद कॅनच घ्यायचा.

बाकी काम सोपं आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, स्वच्छ कोरडं नरसाळं (तेलाचं नको), आणि सावकाश ओतायचं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर पांढरे खडे धरतात. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर मात्र चावीसुद्धा फिरवायची नाही. गाडी ओढूनच गॅरेजला न्यायची. डॅशबोर्डवरची सूचना टाळायची नाही, कारण टाकी रिकामी झाली की बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. उरलेला कॅन सावलीत ठेवूया. उन्हात तापलेल्या डिकीत तो लवकर खराब होतो.