दशावताराचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

पेडणे, डिचोलीत देवळापुढे रंगणाऱ्या दशावतारात बरेचसे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. शब्द हुकला, की तो पुन्हा मिळत नाही. म्हणून तिथली ध्वनियोजना मला नेपथ्याहून महत्त्वाची वाटते.

सगळ्यात मोठा त्रास शिट्टीचा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा माइकमध्ये येतो आणि हे चक्र थांबत नाही. व्हॉल्यूम उतरवणे हा शेवटचा उपाय. आधी मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावेत. कार्डिऑइड माइक पाठीमागचा आवाज फारसा पकडत नाही, म्हणून नटांसाठीचा मॉनिटर त्याच्या पाठीच्या दिशेला हवा. शिवाय बोलणाऱ्यापासून माइकचे अंतर निम्मे केले, की मोकळ्या जागेत त्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. झांज मात्र नटांच्या माइकपासून लांबच बरी.

मोठ्या पटांगणात मागेही स्पीकर लावतात. ध्वनीला 35 मीटर जायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, विजेच्या तारेतून मात्र तो तत्क्षणी पोचतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर मुद्दाम दिला नाही, तर शब्द दोनदा ऐकू येतो.

रात्री 10 नंतरच्या ध्वनिक्षेपकावर 2000 सालच्या नियमांची बंधने आहेत. मंडळांनी परवानगीचे आधीच पाहावे आणि आवाजाची चाचणी पखवाज, पेटी, झांजेसह, प्रेक्षक येण्यापूर्वी उरकावी.