पगडी, टोपी आणि बोडके डोके

पुरुषांच्या पोशाखातील बदलांचा विचार सहसा सदरा, विजार आणि बूट यांच्या अंगाने केला जातो. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर मात्र हा इतिहास डोक्यापासून वाचणे अधिक फलदायी ठरते, कारण एकोणिसाव्या शतकातील मराठी पुरुषाची जात, प्रांत, धंदा आणि ऐपत यांचा बराचसा पत्ता त्याच्या डोक्यावरच्या कापडावरून लागत असे, आणि बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे हे सुतकाचे किंवा अप्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई.

या कापडाचे प्रकार अनेक होते. फेटा किंवा पटका म्हणजे दर वेळी डोक्यावर नव्याने गुंडाळायचे लांब वस्त्र, रुमाल म्हणजे तशाच रीतीने बांधायचे चौकोनी वस्त्र, तर पगडी म्हणजे कारागिराने साच्यावर बांधून, टाके घालून कायमची घडवलेली वस्तू, जी टोपीसारखी नुसती चढवायची आणि उतरवायची. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या छायाचित्रांतून परिचित असलेली पगडी ही या शेवटच्या प्रकारातली. घेरा राखून म्हणजे शेंडीभोवतीचे केस वर्तुळाकार ठेवून उरलेले डोके तासण्याची जी चाल ब्राह्मणवर्गात होती, तिच्याशी ही पगडी उत्तम जुळत असे; पुढे तरुणांनी केस वाढवून भांग पाडायला सुरुवात केली तेव्हा पगडीची मांडच ढिली झाली.

इंग्रजी कचेऱ्यांचा परिणाम आधी धडावर झाला आणि पायांवर बराच उशिरा. डोक्यावर पगडी, अंगात कोट, गळ्याभोवती उपरणे आणि खाली धोतर हा संमिश्र वेष दोन-तीन पिढ्या टिकला, आणि त्यामागे केवळ सवय नव्हती: पूजेला व जेवणाला सोवळे लागे, सोवळ्याला शिवलेले वस्त्र चालत नसे, तेव्हा कचेरीतला कोट खुंटीला टांगता येई, पण न शिवलेल्या धोतराशी असलेले नाते सहज तुटण्याजोगे नव्हते.

वेष इतका बोलका असेल तर त्याचा युक्तिवादासारखा वापरही होणारच. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जडजवाहीर ल्यालेले उपस्थित लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांनी पाहुण्याला सुनावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट वरवर पाहता याच्या नेमका उलट दिसतो, परंतु ज्या समाजाला नीटनेटके कपडे घालण्याचीही रूढीने बंदी केली होती, त्याच्या नेत्याने नखशिखांत उत्तम शिवलेला पोशाख करणे हे त्याच व्यवस्थेला दिलेले दुसरे उत्तर होते. गांधींच्या पंच्याशी त्याची तुलना करून सुटाला परकेपणाचा दोष देणारे हा संदर्भ विसरतात.

गांधी टोपी 1920 च्या आसपास, असहकाराच्या चळवळीबरोबर पसरली. पांढऱ्या खादीची ही घडीची टोपी स्वस्त, धुता येणारी आणि खिशात मावणारी होती, शिवाय तिच्यावरून जात ओळखू येत नसे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. गांधींनी स्वतः ती फार काळ वापरली नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मात्र ती इतकी आपलीशी केली, की आठवडी बाजारात ती आज राजकारणाची नव्हे, वयाची खूण वाटते. शहरी मध्यमवर्गात तिच्या शेजारी काळी टोपीही होती, आणि टोपीच्या रंगावरून माणसाचा पक्ष ताडण्याची सोय काही काळ उपलब्ध होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शहरी डोके उघडे पडले. केस हेच आता शिरोभूषण झाले: देव आनंदचा फुगा, आणि 1970 च्या दशकात अमिताभ बच्चनचे कान झाकणारे केस व लांब कल्ले. त्याच सुमारास धोतराचीही शहरातून पीछेहाट झाली, आणि तिला टेरिलीनचा मोठा हातभार लागला. 1941 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलेला हा पॉलिएस्टर धागा उष्णतेने घडी धरतो आणि धुतल्यावरही सोडत नाही. सुती धाग्याशी मिसळून त्याचे टेरिकॉट झाले, तेव्हा रोजच्या इस्त्रीविना कडक राहणारी पँट कारकुनाच्याही आवाक्यात आली. बेलबॉटम आणि सफारी हे त्यानंतरचे क्षणिक उमाळे. मुंबईत ‘पगडी’ हा शब्द तोवर मुख्यतः भाड्याच्या खोलीसाठी मोजायच्या रकमेपुरता उरला होता.

पगडीचे पुनरागमन झाले ते वापरातून नव्हे, प्रतीक म्हणून. 2009 मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर विशिष्ट स्थानाचा कायदेशीर हक्क नोंदला गेला. 2018 मध्ये शरद पवारांनी सत्कारासाठी पुणेरीऐवजी जोतीरावांच्या नावाने ओळखली जाणारी फुले पगडी वापरावी असे सुचवले, आणि त्यानंतर पदवीदानाला कोणती पगडी असावी यावरून पुणे विद्यापीठातही वाद झाला. रोज कोणीच घालत नाही अशा वस्तूवरून इतके वाजले, यावरून तिच्यातली जुनी माहिती अजून पुसलेली नाही हे दिसते. लग्नसराईत पगडी कोणती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे वऱ्हाडातल्या झाडून सगळ्यांना, आणि आता मुलींनाही, एकाच रंगाचे फेटे बांधले जातात, आणि बांधणारा कारागीर डोईमागे पैसे घेतो.